किरणोत्सव आणि आमचा पत्रा

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. दरवेळी मी त्यात 'पर्सनल' लिहून मोकळी होते. या नोव्हेंबरात काय सुचलं कोण जाणे, खरं ते लिहिलं: 'कोल्हापूरच्या देवळात सूर्यकिरणं बघायला जायचं आहे.' पाच मिनिटांत मॅनेजरचा फोन. सगळं ठीक आहे ना? मग त्याला बसून समजावलं. तो लखनौचा, त्याला अंबाबाई माहीत असायचं कारण नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मतलब साल में दो बार टेस्ट होता है, और पास-फेल भी होता है?"

किरणोत्सवाचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. रजा मंजूर झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूरचं अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. (महालक्ष्मी की अंबाबाई हा वाद मी इथे काढणार नाही. आजी अंबाबाई म्हणते, म्हणून अंबाबाई.) काळ्या दगडाचं, जाड भिंतींचं बांधकाम, गाभारा खोल आणि अंधारा. वर्षातून दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुडमंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे एकेक टप्पे ओलांडत गाभाऱ्यात जातात आणि मूर्तीवर पडतात. परंपरेनं सांगतात की पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. मूर्ती साधारण तीन फुटांची, म्हणजे हा सगळा प्रवास शेवटी तीन फुटांतला.

माझं आजोळ कोल्हापूरचं, देवळापासून हाकेच्या अंतरावर. तरी अठ्ठावीस वर्षांत मी किरणोत्सव एकदाही पाहिला नव्हता. लहानपणी जायचो ते दिवाळीला आणि मे महिन्यात. नोव्हेंबरच्या त्या तारखा येईपर्यंत शाळा सुरू झालेली असायची. नंतर कॉलेज, मग नोकरी. मामाकडून दरवर्षी फोनवर निकाल कळायचा. "यंदा गुडघ्यापर्यंत आली." "यंदा ढग." "यंदा कमरेपर्यंत आली आणि गेली." हा निकाल कळवताना मामाचा आवाज क्रिकेट मॅच हरल्यावर येतो तसा असायचा, आणि मला ते गमतीचं वाटायचं.

तर या वेळी दोन दिवस रजा टाकून गेले. ९ तारखेला साडेचारलाच आजीला घेऊन देवळात. आजी ऐंशीच्या पुढची, गुडघे दुखतात, पण म्हणाली, "मी येतो. तू एकटी गर्दीत काय बघणार?" (कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे पुण्यातल्या मैत्रिणींना अजून खरं वाटत नाही.) आवारात मोठा स्क्रीन लावलेला, आतलं दृश्य तिथे दिसत होतं. पावणेसहाच्या आधी आतले दिवे मालवले. आणि जी गर्दी पाच मिनिटांपूर्वी चपलांच्या स्टँडवरून भांडत होती ती एकदम चिडीचूप झाली.

उजेड आला. मी स्क्रीनसमोर उभी होते, तरी अंगावर काटा आला हे कबूल करते. तो उजेड दिव्याचा नसतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा नसतो. नारिंगीकडे झुकलेला, जरा थरथरल्यासारखा. उंबऱ्यावरून पुढे सरकला, पायांवर आला, वर चढू लागला, कमरेपर्यंत गेला. आणि तिथेच विरून गेला. फिका फिका होत नाहीसाच झाला. आकाशात सूर्य अजून होता, बाहेरच्या झाडाच्या शेंड्यावर ऊन दिसत होतं. पण आत नव्हतं.

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, कमरेपर्यंत तरी आली." दुसरा म्हणाला, धुकं आहे. एक काका म्हणाले, "आपली पापं वाढली, आई तोंड दाखवंना." घंटा वाजल्या, आरती झाली, लोक पांगले.

रात्री झोप आली नाही. (व्यवसायाचा दोष. एखादी गोष्ट अर्ध्यात बंद पडली की लॉग बघितल्याशिवाय चैन पडत नाही.) मग मोबाईलवरच हिशेब मांडला. यात काही मोठं गणित नाही, बारावीचं त्रिकोणमिती पुरतं.

आधी तारखा. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर हा त्याच्या बेचाळीसएक दिवस आधीचा, १ फेब्रुवारी तितकाच नंतरचा. म्हणजे दोन्ही वेळी सूर्य आकाशात जवळजवळ एकाच रेषेवर असतो, एकदा दक्षिणेला जाताना आणि एकदा परत येताना. कोल्हापूरचा अक्षांश पावणेसतरा अंशांच्या जरा आत. या दिवसांत तिथे सूर्य मावळतो तो नेमक्या पश्चिमेला नाही, तर पश्चिमेपासून सतरा-अठरा अंश दक्षिणेकडे. म्हणजे ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी त्याची दिशा नुसती 'पश्चिम' धरलेली नाही. आणि रोज मावळतीची जागा सूर्याच्या अर्ध्या तबकडीएवढी क्षितिजावर सरकते, त्यामुळे हा खेळ आठवडाभर चालत नाही, दोन-तीन दिवसांत आटोपतो.

आता महत्त्वाचं. किरणं पायांवरून तोंडाकडे चढतात ती का? सूर्य खाली जातो म्हणून. दाराच्या चौकटीतून येणारा उजेड सूर्य उंच असताना जमिनीवर, जवळच पडतो. सूर्य जितका क्षितिजाला टेकत जाईल तितका तो आडवा होऊन आत खोलवर आणि वरवर पोचतो. म्हणजे पायांवरचा उजेड हा जरा वरच्या सूर्याचा आणि मुखावरचा उजेड हा अगदी शेवटच्या, खालच्या सूर्याचा. पावणेसहाला सूर्य तीनेक अंशांवर असतो. पुढे साधारण चार-साडेचार मिनिटांत एक अंश या वेगानं खाली जातो.

आता तीन अंश म्हणजे किती ते बघा. देवळापासून दोनशे मीटरवर तीन अंशांची रेषा जमिनीपासून साडेदहा मीटर उंचीवरून जाते. म्हणजे तीन मजले. दोन अंशांची रेषा तिथेच सात मीटरवरून. म्हणजे दोन मजले. (जमीन सपाट धरून. प्रत्यक्षात चढ-उतार आहेत, म्हणून खरं मोजमाप उपकरणं लावूनच करावं लागतं.) चरणांपर्यंत यायला आकाशात तीन मजल्यांच्या वरची वाट मोकळी लागते, आणि मुखापर्यंत यायला त्याहूनही खालची. शहर जसजसं एकेक मजला वर चढतं तसतसा उजेड मूर्तीवर एकेक वीत खाली राहतो.

आई तोंड दाखवत नाही, यात पापबिप काही नाही. आपण तिच्या तोंडासमोर मजला चढवला आहे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. शहरातल्या कॉलेजांमधले प्राध्यापक आणि विद्यार्थी किरणोत्सवाच्या दिवसांत उपकरणं घेऊन उभे राहतात, उजेड कुठल्या टप्प्यावर किती वाजता पोचला, किती लक्स होता हे नोंदवतात. मार्गातल्या अडथळ्यांचे सर्व्हे झालेत, काही अडथळे काढलेतही. ढग, धूळ, हवेतली आर्द्रता हेही आहेच, क्षितिजाजवळच्या सूर्याचा उजेड मुळातच क्षीण असतो. पण ढग हा बग नाही. ढग येणार आणि जाणार. इमारत एकदा आली की जात नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना हे सगळं मी मामाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो पेपर वाचत ऐकत होता. ऐकून झाल्यावर पेपरची घडी घातली आणि म्हणाला, "मग? आमचा पत्रा काढायचा म्हणतेस काय?"

इथे पत्र्याबद्दल सांगायला हवं.

आजोळचं घर महाद्वाराच्या पश्चिमेला, रंकाळ्याच्या बाजूच्या एका गल्लीत आहे. पूर्वी कौलारू होतं. मी जन्मायच्या आधी ते पाडून तिथे स्लॅबचं घर झालं. पुढे मामानं गच्चीवर पत्र्याचं शेड मारलं, मध्ये प्लायवूडचे पार्टिशन घालून चार खोल्या केल्या आणि देवदर्शनाला येणाऱ्यांना रोजावर द्यायला सुरुवात केली. नवरात्रात, पौर्णिमेला, मंगळवार-शुक्रवारी त्या भरतात. गरम पाणी, सकाळी पोहे, गादीचे वेगळे पैसे. मोठा धंदा नाही, पण घर त्याच्यावर चालतं.

आणि मी दुसऱ्या वर्षाला असताना बाबांची कंपनी बंद पडली, तेव्हा माझी इंजिनिअरिंगची उरलेली फी मामानं भरली. त्या चार खोल्यांतून. कुणी कधी बोलून दाखवलं नाही. पण ज्या त्रिकोणमितीच्या जोरावर मी रात्री हिशेब मांडत होते ती पदवी त्या पत्र्याखालून आलेली आहे.

मामाच्या प्रश्नावर मी काही बोलले नाही. संध्याकाळी गच्चीवर गेले. मोबाईलवर नकाशा उघडला, महाद्वारापासून आमच्या घरापर्यंत रेघ ओढली. अंतर एकशे ऐंशी मीटर. दिशा बघितली. आमच्या शेडचा उत्तरेकडचा एक कोपरा त्या पट्ट्यात येतो. सगळं शेड नाही, एक कोपरा. नोव्हेंबरात सूर्य रोज दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही निर्दोष. तिसऱ्या दिवशी आम्ही मध्ये येतो. जानेवारीत उलट, पहिल्या दिवशी मध्ये येतो आणि नंतर सुटतो. टेपनं उंची मोजली. भिंतीच्या कडेपर्यंत साडेनऊ मीटर, शेडसकट बारा. अंशांत सांगायचं तर तीन आणि तीन पूर्णांक आठ. मधला फरक पाऊण अंशाच्या जरा वर, म्हणजे साडेतीन मिनिटांचा उजेड.

मोबाईलच्या नकाशावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, तेव्हा हा काही पुरावा नाही. महापालिकेनं उद्या माणूस पाठवून मोजलं तर कदाचित शेजारच्यांची टाकी दोषी ठरेल आणि आम्ही सुटू. पण मला स्वतःला जे वाटायचं ते वाटून गेलं. मामा दरवर्षी फोनवर पडलेल्या आवाजात निकाल सांगायचा, आणि निकालात आमचाही वाटा असेल हे त्याच्या किंवा माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता माझं मत. यावर वाद घालायचा असेल तर जरूर घाला.

मला राग येतो तो 'चमत्कार' या शब्दाचा. गाईड सांगतात चमत्कार, बातम्यांत येतं चमत्कार, फॉरवर्डमध्ये येतं 'विज्ञानही थक्क'. विज्ञान थक्कबिक्क काही नाही, विज्ञान पावणेसतरा अंशांवर समाधानी आहे. चमत्कार म्हटलं की तो करणारा कुणीतरी दुसरा असतो, आपण फक्त टाळ्या वाजवायच्या. झाला तर तिची कृपा, नाही झाला तर आपली पापं. मेंटेनन्स कुणाकडेच नाही. पण हे जर कुणीतरी डोकं लावून, वर्षानुवर्षं मावळती बघून, चौकटी आणि उंबरे जुळवून केलेलं काम असेल, तर ते चालू ठेवणं हेही काम आहे. मंदिर बांधणाऱ्यांनी भिंतीच्या आतलं केलं. भिंतीच्या बाहेरचं त्यांच्या हातात नव्हतं, कारण तेव्हा बाहेर अडवायला काही नव्हतं. ते आपल्या हातात आलं आहे.

कोल्हापूरकरांना देवीसाठी वाट मोकळी करणं नवीन नाही. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. कोल्हासुराला मारल्यावर विजयाच्या आनंदात त्र्यंबोलीला बोलवायचं राहून गेलं, ती रुसून टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली, म्हणून थोरली बहीण दरवर्षी लवाजम्यासकट तिची समजूत काढायला जाते. तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवायला जी झुंबड उडते ती एकदा तरी बघण्यासारखी आहे. अष्टमीला रात्री देवीची नगरप्रदक्षिणा. रस्ता झाडून रांगोळ्या घालतात, गाड्या आधीच हलवतात. कुणी म्हणत नाही की माझी गाडी इथेच राहील, पालखी बाजूनं न्या. असं म्हणणाऱ्याचं काय होईल ते कोल्हापूर ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

मग किरणांसाठीच का जमत नाही? माझ्या मते कारण साधं आहे. पालखीचा रस्ता जमिनीवर आहे, दिसतो, आणि एक दिवसापुरता मोकळा करायचा असतो. किरणांचा रस्ता हवेत आहे. तो वर्षातले सहा दिवस, तेही काही मिनिटं वापरात येतो, पण मोकळा बारा महिने ठेवावा लागतो. आणि तो कुणाच्या तरी गच्चीवरून जातो. गच्चीचा मालक टॅक्स भरतो, त्याला मुलं आहेत, मुलांना खोल्या हव्यात.

इथे भाविक मंडळी एक सोपं उत्तर देतात: काढून टाका. देवीपेक्षा घर मोठं आहे का? हे बोलणाऱ्याचं घर बहुतेक वेळा उपनगरात असतं, किरणांच्या रेषेत नसतं. आणि माझ्यासारखी पुण्या-मुंबईची मंडळी, जी दोन दिवस रजा टाकून येतात, तीही तेच म्हणतात आणि रात्री याच पत्र्याच्या खोल्यांत झोपतात, कारण हॉटेल महाग असतं. भक्ती सगळ्यांची आणि नुकसान चौघांचं, असा हिशेब असेल तर ते चौघं कोर्टात जाणारच. मीही गेले असते.

दुसरं टोक म्हणजे माझे काही ऑफिसातले मित्र. त्यांचं म्हणणं, नाही पोचली किरणं तर काय बिघडलं? शहर आहे, वाढणारच. एक सुंदर योगायोग होता, संपला. हे मला पटत नाही, आणि मी काही फार देवभोळी नाही. आपल्याकडे जुन्या इमारती पुष्कळ आहेत. जुनी आणि अजून चालू असलेली यंत्रं किती आहेत? हे देऊळ नुसतं बघायचं नाही, ते वर्षातून दोनदा चालतं. मोगलाईच्या धामधुमीत मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५ च्या विजयादशमीला, ती पुन्हा गाभाऱ्यात बसवली. मूर्ती बाहेर गेली आणि परत आली, सत्ता बदलल्या, तरी हे चालू राहिलं. ते आपल्या पिढीत पाण्याच्या टाक्यांमुळे बंद पडावं हे मला लाजिरवाणं वाटतं.

'परंपरेत ढवळाढवळ नको' म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. मूर्तीची झीज होते म्हणून मूळ मूर्तीवरचा रोजचा अभिषेक थांबवला, तो उत्सवमूर्तीवर करतात. २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं. त्यावर वाद झाले, अजून होतात, पण मूर्ती टिकायची तर काहीतरी सोडावं लागेल हे शहरानं मान्य केलं. कितीतरी वर्षं बुजवलेलं आवारातलं मणिकर्णिका कुंड अलीकडे खोदून मोकळं केलं. म्हणजे वरचं बांधकाम हटवून खालचं जुनं परत आणता येतं. मग आता आकाशात तेच करायला काय हरकत आहे?

करायचं कसं, तर त्याचा नमुना आपल्या डोळ्यांसमोर आहे. विमानतळ. लोहगाव विमानतळाच्या आसपास कुणाला मनाला येईल तितके मजले चढवता येत नाहीत. कुठल्या पट्ट्यात किती उंची, हे नकाशावर रंगवून ठेवलेलं असतं, बिल्डर परवानगी मागायला गेला की पहिला तो नकाशा बघतात. कुणी रडत नाही, कारण नियम आधीपासून आहे, सगळ्यांना सारखा आहे आणि कारण पटलेलं आहे. विमानासाठी आकाश राखून ठेवता येतं, तर महाद्वारापासून पश्चिमेला जाणारी एक अरुंद पट्टी किरणांसाठीही राखता येईल. अंश ठरलेला, उंची ठरलेली. नवीन बांधकामाला त्याच्या वर परवानगी नाही, टाकी, डिश, होर्डिंग, सगळं धरून. आणि जे आधीपासून त्या पट्टीत राहतात त्यांना गेलेल्या मजल्याचा मोबदला. रस्तारुंदीत जागा गेली की टीडीआर देतातच ना? मग आकाशरुंदीत गेली तर का नको? दानपेटीत येणारा पैसा स्क्रीन भाड्यानं आणण्यापेक्षा या मोबदल्यात घातला तर मी माझ्या वाटचं नाणं आनंदानं टाकेन.

स्क्रीनबद्दल माझी तक्रार नाही, आजीला त्याच्यामुळेच दिसलं. पण स्क्रीन मोठा होत जातो आणि स्क्रीनवर दाखवायची गोष्ट लहान होत जाते, हे आपण बघतोय की नाही?

११ तारखेला पुन्हा गेलो. आजी थकली होती, म्हणून ती घरी थांबली, मामा आला. दिवे मालवले. उजेड उंबऱ्यापर्यंत आला, पायांवर आला, वर चढू लागला. मी स्क्रीनऐवजी मामाकडे बघत होते. तो ओठ घट्ट मिटून उभा होता. उजेड पुन्हा अर्ध्यावर विरला. गर्दीनं पुन्हा तोच सुस्कारा सोडला. आम्ही दोघांनी सोडला नाही.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी तो थांबला आणि वर बघितलं. आमच्या शेडवर ऊन होतं, पत्र्याची कड लाल दिसत होती.

"एकच कोपरा म्हणालीस न्हवं?"

"हो. उत्तरेकडचा. तुमची चार नंबरची खोली."

"चार नंबरला बाथरूम आहे बाळ. तीच पहिली जाती."

मी म्हटलं, मामा, चार नंबरचं वर्षाचं भाडं मी देते. मला पगार आहे. त्यावर तो इतका चिडला की रस्त्यातच ओरडला. भाचीकडून भाडं घेऊन देवीला ऊन देऊ काय? मी गप्प. घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "मी काय सांगतो ऐका. देवीला ऊन नको असतंय, तिला काय थंडी वाजत्या? आपल्याला बघायला हवंय. मग आपणच बघा काय करायचं ते." आणि जेवायला वाढ म्हणाली.

रात्री जेवणं झाल्यावर मामा शेजारच्यांकडे गेला. त्यांच्या गच्चीवरची टाकी आमच्या शेडहून उंच आहे. बराच वेळ बोलणं चाललं होतं, मध्ये दोनदा आवाज चढले. परत आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं की शेजारी म्हणतोय, आधी तुम्ही काढा. मामाचं म्हणणं, दोघांनी एकाच दिवशी. आणि दोघांचं म्हणणं, आधी कुणीतरी नीट मोजून द्या, पोरीच्या मोबाईलवर आम्ही घर मोडणार नाही.

यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मोजणी करणाऱ्या प्राध्यापकांपैकी एकांना मी मेल टाकली आहे. ३१ जानेवारीची रजाही टाकून ठेवली आहे. कारणाच्या रकान्यात या वेळी 'पत्रा' असं लिहिलंय. मॅनेजरचा फोन अजून आलेला नाही.